राजय्यामामांनी सुधारलेली गिटार

नळाला पाणी यायचा दिवस म्हणजे आमच्या घरात कुणी कुणाचं नसतं. अशाच एका सकाळी मी न्हाणीत होतो, अर्ध्या अंगाला साबण लागला होता, आणि वरच्या मजल्यावरून घों घों असा एकसुरी आवाज सुरू झाला. नळ तर मघाशीच गेलेला. म्हणजे वरचे राजय्यामामा पाण्याची मोटर बंद करायला विसरले, ती कोरडी फिरतेय, आता जळणार आणि पुढच्या पाण्याला दोन्ही बिऱ्हाडं घागरी घेऊन गल्लीभर फिरणार, हे सगळं मला एका क्षणात दिसलं. एरवी मला इतक्या झटपट काही दिसत नाही. मी टॉवेल गुंडाळला, जिन्याखाली धावलो आणि मेन स्विच खाली ओढला.

घों घों थांबलं. त्याबरोबर आमचं कपड्यांचं मशीन थांबलं, वर पद्मामामींचा मिक्सर थांबला आणि दोन्ही मजल्यांवरच्या दोन्ही बायका एकदम गप्प झाल्या. ही शांतता मला ओळखीची आहे. मी घाईघाईने वर गेलो.

"मामा, मोटर!"

मामा पाटावर बसले होते. मांडीवर एक लाल रंगाची गिटार, तिचं पोट फाडलेलं, आतल्या वायरी बाहेर लोंबत होत्या आणि शेजारी तिचा स्पीकर. त्यांनी आधी माझा टॉवेल पाहिला, मग साबण पाहिला.

"मोटर न्हाय हो साहेब, गिटार हाय," ते म्हणाले. आणि लगेच त्यांचा चेहरा उजळला. "खालपर्यंत गेला आवाज? मोटरीसारखाच वाटला? बघा की! मी म्हणत होतो घरघर हाय, ही म्हणती तुमचे कान वाजायलेत."

मग त्यांनी मला उभ्या उभ्या ती घरघर कुठून येते ते समजावून सांगितलं. अंगावरचा साबण वाळून तडतडायला लागला तरी घरघर संपली नव्हती. तुम्ही कुठल्या अवस्थेत आहात याचा मामांच्या समजावून सांगण्यावर कधीच काही परिणाम व्हायचा नाही.

मामा आता सोलापुरात नाहीत. म्हणजे आहेत, पण हैदराबादला, लेकीकडे. तिथल्या सोसायटीची लिफ्ट सुधारत असतील. शुक्रवार पेठेतल्या त्या घरात खाली आम्ही आणि वर ते, असे बरीच वर्षं राहिलो. मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून, मामा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. जॉबर म्हणजे यंत्रमागांचा वैद्य. माग अडला की जॉबर येतो, कान लावतो, बोट फिरवतो, कुठेतरी पाना मारतो आणि माग चालू होतो. मामा रिटायर झाले, पण ही गोष्ट त्यांच्या हातांना कुणी कळवली नव्हती. त्यामुळे घरातली एकही वस्तू त्या हातांतून सुटली नाही.

त्यांना 'दुरुस्ती' म्हटलेलं चालायचं नाही. दुरुस्ती बिघडलेल्याची होते, त्यात काय मोठं? मामा चांगल्या वस्तू घ्यायचे आणि त्यांत 'सुधारणा' करायचे. आमच्या फाटकाची कडी चांगली होती. त्यांनी ती अशी सुधारली की बाहेरून चोराला उघडता येऊ नये. ती पोस्टमनला उघडता येईना, दूधवाल्याला उघडता येईना आणि एका दुपारी मलाही उघडता आली नाही. मी भर उन्हात फाटकाबाहेर उभा राहून स्वतःच्या घराला हाका मारत होतो.

मामी म्हणायच्या, "लग्न करून ह्या घरात आले तवापासून एक वस्तू सरळ राहिली न्हाय. मीसुद्धा कुठंकुठं सुधारलेली हाय."

आणि मामांचं वाक्य ठरलेलं: "बस, एवढं एकच ऱ्हायलंय." कुठल्याही कामाच्या पहिल्या दिवशी ते हे वाक्य म्हणायचे आणि शेवटच्या दिवशीही. पैकी शेवटचा दिवस मी फारसा कधी पाहिला नाही.

तर ती गिटार. ती सुजाताची, त्यांच्या एकुलत्या एक लेकीची. कॉलेजात असताना तिने हट्ट धरला आणि मामांनी दुकानातली सगळ्यात स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार उचलून आणली. "लाकूड लाकूडच असतंय," असा त्यांचा हिशेब. तारा फळीपासून इतक्या उंच की दाबून दाबून पोरीच्या बोटांना फोड यायचे. मग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ती स्टेजवर बसली, पहिल्या ओळीनंतर गिटार घरघरली, दुसऱ्या ओळीला मुकी झाली आणि पोरं हसली. सुजाता घरी येऊन रडली. गिटार खिळ्याला टांगली गेली ती गेलीच. पुढे तिला नोकरी लागली, लग्न झालं, ती हैदराबादला गेली.

आता तिला दिवस गेले होते आणि पहिल्या बाळंतपणासाठी ती सातव्या महिन्यात माहेरी यायची होती. मामांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती. ती त्यांनी मला त्या साबणाच्या सकाळीच सांगितली.

"पोरीनं वाजवणं सोडलं न्हाय, साहेब. माझ्या ह्या डबड्यानं सोडायला लावलं. ती यायच्या आत ह्याला असं करतो की हातात घेतलं की तिला परत वाजवावंसं वाटलं पायजे."

"तिला फोन करून विचारा ना काय काय हवंय."

"छे! तिला कळता कामा न्हाय. येईल तवा बघंल."

एवढ्या चांगल्या कारणासाठी माणूस आपल्या डोक्यावर खिळे ठोकत असेल तर ते खिळे सोसण्यावाचून शेजाऱ्याला इलाज नसतो.

पहिली सुधारणा घरघरीची. त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं की गिटारच्या पोटात आतून चांदीचा कागद चिकटवला की घरघर कमी होते. ते खाली येऊन आमच्या विद्याला म्हणाले, "वैनी, पोळ्या गुंडाळायचा कागद हाय का जरासा?" जरासा म्हणून अख्खा रोल गेला. आठवडाभर माझ्या पोळ्या वर्तमानपत्रात आणि गिटार चांदीत. घरघर कमी झाली, पण गेली नाही. मग मामांना आठवलं की आपल्या घराला अर्थिंगच नाही. त्यांनी एक वायर काढून खाली आमच्या मोरीतल्या लोखंडी नळाला बांधली. नळ जमिनीत जातो, तर करंटही जमिनीत जाईल. विचार बरोबर होता. फक्त त्या नळाचा मधला पाइप मामांनीच मागे एकदा सुधारणा म्हणून प्लास्टिकचा टाकला होता. तो नळ जमिनीत जातच नव्हता.

वर मामांनी गिटार चालू केली आणि खाली विद्याने भांडं विसळायला नळाला हात लावला.

तिची किंकाळी ऐकून मी धावलो. तिला फार काही झालं नव्हतं, हाताला झिणझिण्या आल्या होत्या. जिभेला मात्र काही झालेलं नव्हतं. मामा जिन्यातून वाकून विचारत होते, "वैनी, आता घरघर येती का बघा की!" विद्याने त्या दिवशी त्यांना जे ऐकवलं ते मी लग्नानंतर प्रथमच दुसऱ्या कुणाला तरी बोललेलं ऐकत होतो, त्यामुळे मला थोडं बरंही वाटलं. मामांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून खरं अर्थिंग करून घेतलं आणि संध्याकाळी स्वतः नळाला हात लावून आम्हाला दाखवला. अर्धा तास लावून ठेवला असेल.

मग हाड. गिटारच्या वरच्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथे एक बारकी पट्टी असते. स्वस्तातल्या गिटारला ती प्लास्टिकची असते, चांगल्या गिटारला हाडाची. हे कळल्यावर मामांनी त्या रविवारी आम्हाला मटण जेवायला बोलावलं. मला वाटलं, नळाबद्दलची दिलगिरी. मी नळी तोंडाला लावून अगदी समाधीत होतो, तर समोरून मामा म्हणाले, "साहेब, उरका लवकर. ती मला पायजे."

ती नळी धुऊन, उकळून गच्चीत वाळत घातली. ती मांजराने नेली. मामा मांजरामागे तीन गच्च्या ओलांडून गेले आणि मांजर चौथ्या गच्चीवर बसून त्यांच्याकडे पाहत राहिलं. शेवटी ते मला घेऊन मटणाच्या दुकानात गेले. "जाडजूड नळी द्या," म्हणाले. दुकानदाराने विचारलं, "सूप के वास्ते?" मामा म्हणाले, "न्हाय, गिटारसाठी." दुकानदार सुरी हवेत धरून थांबला. "क्या मामू! अब गिटार भी नल्ली खाती क्या?" मागची सगळी रांग हसली. मी कॉलेजातला माणूस, त्या रांगेत आमचे दोन विद्यार्थी होते. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसच्या खिडकीशी आले की ते माझ्याकडे बघून उगाच आदबीने हसायचे.

पट्टी मात्र त्यांनी सुरेख घासली. खोटं कशाला बोलू? ती हातात घेतली तर हस्तिदंती वाटावी अशी. गिटारच्या खुंट्या बदलल्या, तारा खाली आणल्या, फळी नखावर नख फिरवावं तशी गुळगुळीत केली. एवढं सगळं करून ती गिटार वाजली की मात्र दात आंबायचे.

कारण मामांची बोटं. मागावर ताण्याचे धागे शेजारी शेजारी ताणलेले असतात आणि त्यांतला एक ढिला पडला की कापडाला झोळ येतो. मामांनी जन्मभर त्या धाग्यांवरून हात फिरवून ताण सारखा केला. गिटारच्या सहा तारांवरूनही ते तसाच, डोळे मिटून हात फिरवायचे. घट्ट असेल ती ढिली, ढिली असेल ती घट्ट. सहाही तारा बोटाला सारख्या लागल्या की म्हणायचे, "बसला ताणा." मग छेडायचे. मला गाण्यातलं काही कळत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या की मी वाजवतो. पण मलाही कळायचं की या सहा तारा म्हणजे वाटणी झालेले सहा भाऊ आहेत.

मी मोबाइलवर सूर लावायचं एक ॲप घेतलं. तार बरोबर लागली की त्यात हिरवा दिवा लागतो. एका दुपारी आम्ही दोघांनी बसून सहाही तारा हिरव्या केल्या. मामांनी छेडलं आणि खोलीत काहीतरी गोड सांडल्यासारखं झालं. मामी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागल्या. मला वाटलं, झालं, सुटलो. मामांनी सवयीने तारांवरून हात फिरवला.

"ही तार ढिली हाय की हो, साहेब."

"मामा, हात लावू नका! दिवा हिरवा आहे!"

"दिव्याला बोटं हायत का?" असं म्हणून त्यांनी ती तार पिळली. मग शेजारची. मग सगळ्याच.

मी फोन खिशात घालून खाली आलो आणि जाहीर केलं की आजपासून माझा आणि गिटारचा संबंध संपला. तो चहापर्यंत संपलेला राहिला.

सुजाता आली त्या दिवशी वर खिळ्याला नवी पिशवी लटकत होती. सोलापुरी चादर कापून मामांनी स्वतः शिवलेली. तिने पाणी प्यायलं, आम्हाला नमस्कार करायला वाकायला लागली तर मामींनी अडवलं, आणि तेवढ्यात मामांनी पिशवी काढून तिच्यापुढे धरली. 

"नायना, हे काय केलंय?" सुजाता म्हणाली. नायना म्हणजे तेलुगूत बाबा.

"बघ की वाजवून."

ती पलंगावर बसली, गिटार पोटाशी घेतली. पण सातव्या महिन्याचं पोट. गिटार त्यावर ताटासारखी आडवी होऊन बसायची किंवा घसरून गुडघ्यावर यायची. ती हसायला लागली. "इथं आधीच एक जण बसलाय, नायना." तरी तिने हात लांब करून तारा छेडल्या. तिचं कपाळ आक्रसलं. एकेक तार दाबून बघितली.

"सगळ्या सारख्याच ताणल्यात की ह्या!"

"मग? ताणा सारखाच पायजे."

"नायना, गिटार आहे ही. टॉवेल नाही."

सगळे हसले. सगळ्यात जोरात मी हसलो, कारण माझा हिरवा दिवा निर्दोष सुटला होता. मामा मात्र हसले नाहीत. ते तिच्या शेजारी टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "हिच्यामुळंच सोडलीस न्हवं तू?"

"कुणी सांगितलं?"

"ते गॅदरिंगला... पोरं हसली... तू रडत आलीस."

"ते होय! दुसऱ्या दिवशी विसरले पण मी. मला कंटाळा आला होता, नायना. मैत्रिणी शिकायल्या म्हणून मी शिकले. त्यांनी सोडलं, मी सोडलं. तुम्हाला काय वाटलं, एवढी वर्षं?"

मामींनी उगाच पदर सारखा केला. मामांनी गिटार उचलली, उलटी केली, तिच्या पाठीवरून तळहात फिरवला.

"पोटाला लागती, तेवढंच हाय," ते म्हणाले. "तिथलं लाकूड काढतो. बस, एवढं एकच ऱ्हायलंय."

खरं सांगतो, मला राग आला. जिन्यात गाठून मी त्यांना म्हणालो, "मामा, तिला कंटाळा आला होता. ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं की."

"मग?"

"मग पोटाचं बघतो."

अशा माणसाशी भांडायचं कसं? भांडायला समोरच्याने निदान थांबावं तरी लागतं.

गिटारच्या पाठीला खोलगट कोरायचं तर पोटाचं माप हवं. मामा टेप घेऊन लेकीजवळ गेले तर मामी कडाडल्या, "पोटुशीच्या पोटाला टेप लावतात? दृष्ट लावायलाव का पोरीला!" टेप जप्त झाला. मामांनी मग बराच वेळ विचार केला आणि स्वतःच्या पोटाचं माप घेतलं. "माझं जरा जास्तच हाय," मला म्हणाले, "पण महिनाभरात ती येईल तिथवर."

आणि ते कोरत बसले. गच्चीत विद्याच्या कुरडया वाळत होत्या, त्यांवर लाल भुसा बसला. त्या वर्षीच्या आमच्या कुरडया तळल्यावर गुलाबी दिसायच्या. पाहुणे विचारायचे, बीट घातलंय का? कोरून झालं, मग घासणं. घासून झालं, मग पॉलिशचा पहिला हात. दुसरा हात. "वाळलं की झालं," मामा म्हणाले. पॉलिश वाळत असताना सुजाताला कळा सुरू झाल्या, ठरल्या दिवसाच्या बऱ्याच आधी. मामा रिक्षातून दवाखान्यात गेले तेव्हा त्यांच्या दहाही बोटांना पॉलिश होतं. नर्सने त्यांना नात हातात देण्याआधी तीनदा हात धुवायला लावले.

आता ज्या पोटासाठी तो खळगा कोरला ते पोटच राहिलं नाही. गिटार पुन्हा खिळ्याला गेली. मामा दिवसभर पाळण्याच्या कड्या, दोऱ्या, झोका यांतच असायचे आणि मामी त्यांना तिथून हाकलत असायच्या. गिटारचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

सुजाता परत जायच्या आदल्या दुपारी मी वर गेलो होतो, बाळाला झबलं द्यायला. बाळ रडत होतं. म्हणजे गल्लीला कळेल असं. सुजाता जागरणाने चेपलेली, मामी ओव्याची पुरचुंडी शेकवतायत, आणि मामा पाटावर बसून गिटार वाजवत होते.

मी त्यांना वाजवताना प्रथमच पाहत होतो. एकच जाड तार, एकाच बोटाने, ठण ठण ठण. तो खळगा त्यांच्या पोटावर असा चपखल बसला होता की गिटार आणि मामा एकाच लाकडातून काढलेत असं वाटावं. बाळ गप्प व्हायचं राहिलं, उलट त्याला जोर चढला. मामांनी तार पिळली, परत ठण ठण. परत पिळली. शेजारच्या घरातून कुणीतरी खिडकी लावून घेतली.

"नायना, बस!" सुजाता कानांवर हात ठेवून म्हणाली. "सहन होईना हो! द्या इकडं."

तिने गिटार ओढून घेतली. खळग्यामुळे ती आता तिच्या अंगाला लागेचना, तर तिने बाळाचं दुपटं घडी करून तिथे कोंबलं. मान वाकवून एकेक खुंटी पिळली, स्वतःच्याच कानाने. मग वाजवायला लागली. नीट येत नव्हतं, मध्येच अडायची, जीभ चावायची, पुन्हा मागून सुरू करायची. बाळ हुंदके देत देत तिच्याकडे बघत राहिलं.

मामा पाटावरून हलले नाहीत. तिचं बोट एका तारेवर गेलं की त्यांचा खांदा उचलायचा, आणि मग मी पाहिलं, त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घालून दाबून धरले होते. डोळे तारांवर आणि हात मांड्यांखाली. मी झबलं पलंगावर ठेवून खाली आलो. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना गाडी आली आणि सुजाताबरोबर मामा-मामीही गेले, थोड्या दिवसांसाठी म्हणून. त्यामुळे त्या दुपारनंतर मी मामांना पाहिलेलं नाही.

त्या दुपारी खाली येऊन मी विद्याला सगळं सांगितलं आणि वर माझं मतही दिलं, की काय हा माणूस! पोरीला मुळात नको असलेली वस्तू, इतके महिने खपून, दोन घरांना छळून, नको तिथे कोरून, शेवटी पार बिघडवून ठेवली.

विद्या झबल्याच्या दुकानाची रिकामी पिशवी घडी घालत होती. आमची लेक मुक्ता पुण्याला शिकते, तिच्याशी मी फोनवर बहुतेक वेळा रिचार्ज आणि जेवण या दोनच विषयांवर बोलतो.

"तुम्ही मुक्तासाठी," विद्या म्हणाली, "असं एक तरी काही बिघडवलंय का आजवर?"